राष्ट्रपितामह दादाभाई नवरोजी आणि वीस रुपयांचा हिशेब

अंकगणित हा विषय पुष्कळ विद्यार्थ्यांस रुक्ष वाटतो. त्रैराशिक, शेकडेवारी व सरासरी ही परीक्षेपुरती शिकावयाची आणि परीक्षा आटोपताच विसरून जावयाची, अशी समजूत बहुतेक शाळांतून आढळते. बाजारहाटाच्या हिशेबापलीकडे त्यांचा काही उपयोग असेल, हे वडीलमाणसांच्याही सहसा ध्यानी येत नाही. परंतु ज्या सरासरीची उदाहरणे आपण वहीत सोडवितो, तिच्याच बळावर गणिताच्या एका प्राध्यापकाने एका बलाढ्य साम्राज्याच्या कारभाऱ्यांना जाब विचारला. त्या प्राध्यापकाचे नाव दादाभाई नवरोजी. हिंदी राष्ट्राचे पितामह म्हणून त्यांचे नाव आपण आदराने घेतो. पण त्यांच्या आयुष्यभराच्या तपश्चर्येच्या मुळाशी एक साधा भागाकार होता, हे फार थोड्यांस ठाऊक असते. त्या भागाकाराची ही कथा आहे.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी कुटुंबात झाला. ते अवघे चार वर्षांचे असताना त्यांचे पितृछत्र हरपले. त्यांच्या मातोश्री माणिकबाई यांना स्वतःला शिक्षण मिळाले नव्हते; तथापि मुलाने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा निर्धार होता. घरात द्रव्याची वाण असली तरी मुंबईत त्या काळी विनामूल्य शिक्षण देणारी शाळा होती, आणि तिच्यामुळेच दादाभाईंचा विद्याभ्यास पार पडला. ज्या लोकांच्या पैशांतून आपण शिकलो त्यांचे ऋण आपल्यावर आहे, आणि ते लोकसेवेनेच फेडले पाहिजे, ही भावना त्यांच्या मनात बालवयातच रुजली. पुढील सारे आयुष्य त्यांनी या ऋणाचे हप्ते फेडण्यातच वेचले, असे म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाही.

एल्फिन्स्टन संस्थेत त्यांची बुद्धिमत्ता विशेषतः गणितात चमकली. शिक्षण संपताच ते तेथेच अध्यापक झाले आणि थोड्याच वर्षांत गणित व सृष्टिशास्त्र यांचे प्राध्यापक झाले. त्या महाविद्यालयात प्राध्यापकपदाचा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. याच काळात, १८४९ साली, त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा उघडल्या. मुलींनी अक्षर गिरविणे हेच ज्या काळी पाप समजले जाई, त्या काळी या तरुणांनी घरोघर जाऊन पालकांची मने वळविली. १८५१ साली त्यांनी ‘रास्त गोफ्तार’ हे पत्र सुरू केले. सत्य सांगणारा, असा या फारसी नावाचा अर्थ आहे.

१८५५ साली दादाभाई कामा यांच्या पेढीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. इंग्लंडातील ती पहिली हिंदी व्यापारी पेढी होय. परंतु अफू व मद्य यांच्या व्यापारातून येणारा नफा घेणे त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीस मानवेना. त्यांनी ती भागीदारी सोडली आणि १८५९ साली कापसाच्या व्यापाराची स्वतःची पेढी काढली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते गुजरातीचे प्राध्यापकही होते. व्यापार, अध्यापन आणि लोककार्य अशा तिहेरी व्यवसायात असतानाच एका प्रश्नाने त्यांच्या मनात घर केले. हिंदुस्थान इंग्रजी अमलाखाली श्रीमंत होत आहे की दरिद्री होत आहे, हाच तो प्रश्न.

राज्यकर्ते म्हणत की देश भरभराटीस येत आहे. ते आगगाडीचे रूळ दाखवीत, वाढता व्यापार दाखवीत, सरकारी उत्पन्नाचे फुगते आकडे दाखवीत. इकडे १८६६ साली ओरिसात भयंकर दुष्काळ पडून लाखो माणसे अन्नावाचून तडफडून मेली. एकीकडे भरभराटीची भाषा आणि दुसरीकडे उपासमारीचे मृत्यू, यांपैकी खरे कोणते मानावयाचे? अशा प्रसंगी सामान्य मनुष्य आपला अनुभव सांगतो, वक्ता आवेशाने बोलतो आणि दोहोंनाही विरोधक सहज उडवून लावतो. दादाभाई हे जाणून होते. म्हणून त्यांनी असा मार्ग धरला की ज्यावर विरोधकालाही पाऊल टाकावे लागेल. देशात वर्षाकाठी एकंदर किती संपत्ति उत्पन्न होते, आणि ती सर्वांत सारखी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्यास किती येईल, एवढेच त्यांनी विचारले. यालाच आज आपण दरडोई उत्पन्न म्हणतो. कोणत्याही सरकारी कचेरीने तोवर हा हिशेब लोकांपुढे मांडला नव्हता.

हा प्रश्न चार शब्दांत विचारता येतो, परंतु उत्तर काढणे महाकठीण होते. त्या वेळी देशव्यापी खानेसुमारीही झालेली नव्हती. पहिली खानेसुमारी १८७१-७२ च्या सुमारास झाली आणि सर्वत्र एकाच वेळी केलेली पहिली नियमित मोजणी १८८१ सालची. तेव्हा दादाभाईंनी सरकारच्याच प्रांतवार वार्षिक अहवालांचा आधार घेतला. १८६७ ते १८७० या वर्षांच्या सुमाराचे हे अहवाल होते. कोणत्या जिल्ह्यात किती एकर जमीन पिकाखाली आहे, एकरी उत्पन्न किती येते आणि धान्याचा भाव काय आहे, हे त्यांनी एकेका प्रांतासाठी गोळा केले. प्रत्येक पिकाची नोंद मिळणे अशक्य असल्यामुळे त्या त्या प्रांतातील एकदोन प्रमुख पिके त्यांनी साऱ्या शेतीची प्रतिनिधि म्हणून घेतली. शितावरून भाताची परीक्षा करावी, तसाच हा प्रकार. संख्याशास्त्रात यालाच नमुना घेणे असे म्हणतात. मात्र शीत कोठून उचलले हे सांगितल्यावाचून परीक्षेला किंमत नसते. आणि दादाभाईंनी ते प्रत्येक ठिकाणी सांगितले. बंगालच्या अहवालात पिकांची तपशीलवार माहिती नव्हती, तेव्हा वायव्य प्रांतावरून आपण अंदाज बांधीत आहोत, हे त्यांनी लपविले नाही. ज्याला हिशेब तपासावयाचा असेल त्याला तो पहिल्या ओळीपासून तपासता यावा, हा त्यांचा कटाक्ष होता.

या कामात त्यांना सरकारी अहवालांतच एक मोठी चूक आढळली. तिचा संबंध आपल्या मुलुखाशी असल्यामुळे ती नीट समजून घेणे अगत्याचे आहे. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. दादाभाई हिशेब करीत होते तेव्हा हा सारा प्रदेश मध्यप्रांतातील भंडारा जिल्ह्यात मोडत असे, आणि तळ्यांच्या पाण्यावर पिकणारे धान हेच आजच्याप्रमाणे त्याचे वैभव होते. मध्यप्रांताच्या अहवालात तांदळाचे सरासरी उत्पन्न व सरासरी भाव दिलेले होते. दादाभाईंनी पाहिले की प्रत्येक जिल्ह्याचा आकडा घेऊन, त्या सर्वांची बेरीज करून, तिला जिल्ह्यांच्या संख्येने भागले आहे. वरवर पाहता यात काय चुकले, असेच कोणी म्हणेल.

चूक कोठे आहे हे पाहण्यासाठी आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका मुलुखात ९०० एकर जमिनीत धान होते आणि एकरी १० मण पिकते. दुसऱ्या डोंगराळ मुलुखात केवळ १०० एकरांत धान होते आणि एकरी ४ मणच पिकते. १० आणि ४ यांची बेरीज करून दोहोंनी भागिले तर सरासरी ७ मण येते. परंतु प्रत्यक्ष धान किती झाले ते मोजा. पहिल्या मुलुखात ९,००० मण, दुसऱ्यात ४०० मण. मिळून ९,४०० मण. जमीन एकंदर १,००० एकर. तेव्हा खरे सरासरी उत्पन्न एकरी साडेनऊ मणांच्या जवळ, म्हणजे ९.४ मण ठरते. पहिल्या रीतीत शंभर एकरांचा मुलूख आणि नऊशे एकरांचा मुलूख यांना एकाच मापाने तोलले गेले. ज्याचा पसारा मोठा त्याचे वजनही मोठे धरले पाहिजे. अशा सरासरीस भारित सरासरी म्हणतात. दादाभाईंनी मध्यप्रांताचा हिशेब या योग्य रीतीने पुन्हा केला, तेव्हा सरकारी तक्त्यात तांदळाचा भाव खऱ्यापेक्षा बराच अधिक आणि एकरी उत्पन्न खऱ्यापेक्षा बरेच कमी दाखविले गेले होते, असे दिसून आले. जेथे धान विपुल व स्वस्त, त्या मोठ्या जिल्ह्यांचे वजन हरवले होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. देशाचे दारिद्र्य दाखविणे हाच दादाभाईंचा हेतु होता. आणि एकरी उत्पन्नाचा सरकारी आकडा तसाच ठेवला असता तर तो त्यांच्या म्हणण्यास पोषकच झाला असता. तरीही त्यांनी तो दुरुस्त केला. चूक आपल्या बाजूची आहे की विरुद्ध बाजूची आहे, हे त्यांनी पाहिले नाही. ज्याला आकड्यांनी सत्य शोधावयाचे आहे त्याची पहिली कसोटी हीच होय.

अशा रीतीने शेतीचे उत्पन्न काढून, त्यातून बियाण्याचा भाग वजा करून, त्यांनी मीठ, कोळसा, व्यापार, कारागिरी, दूधदुभते, मासळी इत्यादींची भर घातली. काही विसरले असेल तर त्यासाठीही एक मोठी रक्कम वर धरली. आपला आकडा कमी पडला असा आक्षेप कोणी घेऊ नये, म्हणून ते प्रत्येक पायरीवर सढळ हाताने मोजीत गेले. ब्रिटिश हिंदुस्थानचे एकंदर उत्पन्न ३४ कोटी पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३४० कोटी रुपये निघाले. लोकसंख्या धरली होती १७ कोटी. विद्यार्थ्यांनी हा भागाकार स्वतः करून पाहावा. प्रत्येक माणसाच्या वाट्यास वर्षाला वीस रुपये येतात.

नुसत्या वीस या आकड्याला काही अर्थ नाही. तो पुष्कळ की थोडा, हे दुसऱ्या कशाशी तरी ताडून पाहिल्यावाचून कळत नाही. यासाठीही दादाभाईंनी सरकारी कागदांतूनच माप शोधून काढले. कलकत्त्याहून परदेशी वसाहतींत जाणाऱ्या मजुरांना जहाजावर किती शिधा द्यावा, हे सरकारने ठरवून दिले होते. तुरुंगातील कैद्यांच्या अन्नवस्त्रावर किती खर्च होतो, याच्या नोंदी तुरुंगांच्या अहवालांत होत्या. दादाभाईंनी या दोहोंची किंमत काढून वीस रुपयांच्या शेजारी मांडली. केवळ जिवंत राहण्यापुरते अन्नवस्त्र मिळण्यासही वीस रुपये अपुरे होते. चोरीदरोड्याबद्दल शिक्षा भोगणाऱ्या कैद्यावर सरकार जेवढे खर्च करी, तेवढेही निरपराध प्रजाजनाच्या सरासरी वाट्यास येत नव्हते. कोणत्याही अलंकारिक भाषणापेक्षा हा ताळा अधिक बोलका होता.

तरीही एवढ्यावर दादाभाई थांबले नाहीत. सरासरी ही सोय आहे, ती सगळे सत्य सांगत नाही, हे त्या गणितज्ञाला पुरते माहीत होते. सर्वांना सारखे वाटले तर वीस रुपये येतात. परंतु प्रत्यक्षात सारखे वाटले जात नाही. श्रीमंतांच्या व मध्यम स्थितीतील लोकांच्या वाट्यास अधिक जाते, म्हणून रयतेच्या मोठ्या समुदायास वीसही मिळत नाहीत, असे त्यांनी दाखविले. हेही एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, दहा माणसांपैकी एकाचे उत्पन्न ११० रुपये आहे आणि उरलेल्या नऊ जणांचे प्रत्येकी १० रुपये. बेरीज २०० आणि सरासरी २० रुपये. परंतु या दहांत वीस रुपये मिळविणारा मनुष्य एकही नाही! या दहा जणांना उत्पन्नाच्या क्रमाने ओळीत उभे केले आणि मधल्या माणसांकडे पाहिले तर १० रुपये दिसतात. या मधल्या किमतीला मध्यक म्हणतात. सरासरी आणि मध्यक यांत जेथे मोठे अंतर असते, तेथे संपत्तीची वाटणी विषम आहे असे समजावे.

हे टिपण दादाभाईंनी प्रथम १८७३ साली हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीसाठी तयार केले. पुढे १८७४ साली बडोदे संस्थानचे दिवाण म्हणून त्यांना जावे लागले. पण तेथील कारस्थानांत त्यांना काम करणे अशक्य झाले, व १८७५ च्या आरंभी त्यांनी ते पद सोडले. १८७६ साली मुंबईत ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे त्यांनी आपला निबंध सविस्तर वाचला. त्याच वर्षी दक्षिणेत महादुष्काळास आरंभ झाला. निबंधातील कोरडे आकडे रस्तोरस्ती हाडांचे सापळे होऊन फिरू लागले.

राज्यकर्त्यांना आता उत्तर देणे भाग पडले. १८८२ साली सरकारच्या वतीने दरडोई उत्पन्न २७ रुपये असल्याचे सांगण्यात आले. १९०१ साली लॉर्ड कर्झन यांनी ते ३० रुपये असल्याचे प्रतिपादिले आणि यावरून देशाची प्रगति होत आहे असा निष्कर्ष काढला. दादाभाईंनी तपशील मागितला. कोणती पिके धरली? भाव कोणते लावले? सरासरी कोणत्या रीतीने काढली? दोन निरनिराळ्या वर्षांचे आकडे जर निरनिराळ्या रीतीने काढलेले असतील, तर त्यांची तुलना व्यर्थ आहे. आणि मध्यंतरी धान्य महागले असेल तर सत्तावीसाचे तीस झाले तरी मनुष्याच्या पोटात अन्नाचा एक घासही अधिक जात नाही. मध्यप्रांताने तर १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ सोसले होते. तेथील रयतेला या तीन रुपयांच्या वाढीचे काय सुख होते?

देशात उत्पन्न होणारी संपत्ति दरवर्षी कोठे वाहून जाते, याचाही हिशेब त्यांनी आयात व निर्यात यांच्या आकड्यांवरून मांडला. देशातून बाहेर जाणारा माल अधिक आणि त्याच्या मोबदल्यात परत येणारा माल कमी, हे अंतर त्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दाखवून दिले. संपत्तीच्या अपहाराचा त्यांचा हा सिद्धांत पुढे राष्ट्रीय चळवळीचा पाया झाला.

दादाभाई १८८६, १८९३ व १९०६ अशा तीन वेळा राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. १८९२ साली ते लंडनमधील सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून पार्लमेंटात निवडून आले, तेव्हा त्यांचे मताधिक्य अवघे पाच असल्याचे जाहीर झाले. दरडोई वीस रुपयांचा हिशेब जन्मभर सांगणाऱ्या या पुरुषास पार्लमेंटाचे दार पाचसहा मतदारांच्या जोरावर उघडावे, यावरून एकेका माणसाची मोजदाद किती मोलाची असते हे दिसते. १८९५ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यास नेमलेल्या शाही आयोगाचे ते सभासद झाले. १९०१ साली त्यांचे लेख व भाषणे यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९०६ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांनी कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेत स्वराज्य हे देशाचे ध्येय म्हणून उच्चारिले. पुढे त्यांनी मुंबईजवळ वर्सोवा येथे निवृत्त आयुष्य कंठिले, आणि ३० जून १९१७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांचा वीस रुपयांचा आकडा तंतोतंत बरोबर होता काय? तसा दावा कोणीही विचारी मनुष्य करणार नाही, आणि स्वतः दादाभाईंनीही केला नाही. अपुऱ्या नोंदींवरून काढलेला तो एक अंदाज होता. परंतु त्या अंदाजाची प्रत्येक पायरी उघडी होती, म्हणून पुढील अभ्यासकांस तो सुधारता आला. आज राष्ट्रीय उत्पन्न मोजण्यासाठी मोठी सरकारी खाती आहेत. महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन प्रसिद्ध होते आणि त्यात पीक, पाऊस, शाळा, दवाखाने यांचे तक्ते असतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ भरली. इतक्या माणसांविषयी कोणी एकच सरासरी सांगितली तर ती देवरी-सालेकशाच्या अरण्यातील पाड्याला आणि गोंदियाच्या बाजारपेठेला सारखीच कशी लागू पडेल?

विद्यार्थिमित्रहो, ज्यांना पुढे समाजशास्त्र, अर्थशास्त्र अथवा राज्यशास्त्र शिकावयाचे आहे त्यांनी दादाभाईंचे चरित्र अवश्य वाचावे. एखादा आकडा आपल्यापुढे आला म्हणजे तो कोणी गोळा केला, नमुना कोठून घेतला, लहानमोठ्यांचे वजन योग्य धरले की नाही, वाटणी सारखी आहे की विषम, आणि ज्याच्याशी तुलना केली तो आकडा त्याच रीतीने काढलेला आहे की नाही, हे प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. पालकांनाही एक विनंती आहे. मूल गणिताला कंटाळले तर त्याला आपल्याच शेताच्या धानाचे एकरी उत्पन्न काढावयास सांगावे. मग शेजाऱ्याच्या शेताचे, मग साऱ्या गावाचे. तळ्याखालची जमीन आणि कोरडवाहू जमीन यांची सरासरी एकत्र कशी काढावी, याचा विचार ते मूल करू लागेल. विधवा मातेने शिकविलेल्या एका गरीब मुलाने याच रीतीने कोट्यवधि मुक्या लोकांची हकीकत जगापुढे मांडली. आपल्या वर्गांतूनही असे हिशेबनीस निघावेत, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.